झोपलेल्या माणसाचा खिसा

१

वदीअ शलहूबचा ब्रेकर पडला होता, आणि तो कधीच पडत नसे.

गल्लीचा जनरेटर अबू सुहैलचा. इमारतीच्या दारात लोखंडी पेटी, पेटीत प्रत्येक घराचा एक ब्रेकर. सरकारी वीज आली तर आली. एरवी ज्यानं जितक्या अँपियरचे पैसे भरलेत तितकीच वीज. जास्त ओढली की खट्, घरात अंधार. मग त्या घरच्या माणसानं खाली उतरायचं आणि अबू सुहैलची बोलणी खाऊन तो वर करायचा. लयाल मक्दिसीला ही बोलणी पाठ झाली होती. 'शाळेत पोरांना रसायनशास्त्र शिकवतेस आणि घरी इस्त्री न् हीटर एकदम लावतेस.'

त्या संध्याकाळी मात्र तो स्वतःच चौथा मजला चढून धापा टाकत तिच्या दारात उभा राहिला.

"उस्ताद वदीअची लाईन पडली. मी वर केली, परत पडली. दार वाजवलं तर उघडत नाहीत. किल्ली तुझ्याकडे असते ना?"

"झोपले असतील, अबू सुहैल."

"झोपलेला माणूस लाईन पाडतो का?"

लयालनं खुंटीवरची किल्ली उचलली.

दुसऱ्या मजल्यावरचं ते घर बैरूतमधल्या इतर घरांपेक्षा कोरडं असायचं. समुद्राची दमट हवा कागद खाते, म्हणून वदीअच्या आतल्या खोलीत हवेतला ओलावा ओढणारं यंत्र चालू असे. आता ते मुकं होतं. लयालनं मोबाइलचा उजेड आत टाकला. रुंद, उथळ कप्प्यांची कपाटं, त्यांत सपाट ठेवलेली पोस्टरं, आणि जमिनीवर शिडीखाली वदीअ. तिनं मानेला हात लावला. मान गार होती.

अबू सुहैल दारातच पुटपुटत खाली बसला. लयालची नजर सवयीनं वस्तू टिपत राहिली. वरच्या फळीवरचं एक खोकं उघडं आणि रिकामं. ओलावा ओढणाऱ्या यंत्राचं बटण चालू. कोपऱ्यातल्या विजेच्या शेगडीचं बटणही चालू. शेगडीवरच्या भांड्यात पाण्यावर कॉफीची कोरडी पूड अजून तरंगत होती. तिला उकळी फुटलीच नव्हती.

पोलिसांनी फार वेळ घेतला नाही. वीज गेली, अंधार झाला, म्हातारा शिडीवरून पडला. शहरात असे अपघात रोज होतात.

लयालनं मान डोलावली. पण जिना चढताना तिच्या लक्षात आलं की आपण कठडा घट्ट धरून, एकेका वळणावर थांबून, वर कुणी उभं आहे का ते पाहत चाललो आहोत.

२

वदीअच्या घरी दर रविवारी सकाळी कॉफीला जमणारे, लयाल धरून, चौघंच होते. त्यांचा छंद ऐकून लोक हसत. संग्रहालयांतल्या चित्रप्रदर्शनांची पोस्टरं जमवायची, तीही हल्लीच्या चित्रकारांची, आणि त्यातही माणसांची चित्रं काढणाऱ्यांची. 'चित्र एकाच्या घरात जातं,' वदीअ म्हणायचा, 'पोस्टर भिंतीवर पावसात भिजतं. मला भिजणाऱ्यांची काळजी.'

सांत्वनाला तिघंही आले. कडू कॉफीचे छोटे पेले फिरत होते.

गाझी हा बास्ताच्या जुन्या बाजारातला पोस्टरविक्या, जाडा आणि तोंडाळ. तो लयालच्या कानाशी लागला.

"काल माझ्या दुकानाचं शटर उचकटलं. आत पितळी दिवे, घड्याळं, सगळं जागच्या जागी. नेलं काय? 'दुपारची झोप'. एवढं एकच."

लयालचा पेला हातात थबकला. वदीअच्या रिकाम्या खोक्यावर तेच नाव होतं. युद्धानंतरच्या पहिल्या वर्षांतलं, नजात सरूफ या चित्रकर्तीच्या प्रदर्शनाचं पोस्टर: शर्ट घातलेला एक माणूस कोचावर झोपलेला, आणि शीर्षकाची पट्टी खालून जाणारी. त्याच्या चारच प्रती उरल्या आहेत असं सगळे मानत, म्हणून संग्राहकांचा जीव त्यात अडकलेला.

"माझीही गेली," डॉक्टर मुनीफ खलाफ हळूच म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. पंचवीस वर्षं माँट्रियलला काढून परतलेला, आणि आता समुद्राकाठच्या नव्या टॉवरमध्ये राहणारा. कोट नेहमीसारखा कडक, आवाज मऊ. "दवाखान्यातून. बोललो नाही, उगाच घबराट नको म्हणून."

"घबराट नको कशी, हकीम?" गाझी म्हणाला. "चारातल्या तीन प्रती गेल्या, आणि एकाबरोबर माणूसही गेलं."

तिघांच्याही नजरा एकदम सिरवार्तकडे वळल्या. चौथी प्रत तिची.

सिरवार्त ही बुर्ज हम्मूदमधली आर्मेनियन म्हातारी. नजातचं प्रदर्शन भरलं होतं त्या संग्रहालयाच्या कचेरीत तिचं आयुष्य गेलं होतं. ती पेल्यात बघत राहिली.

"माझी तर बंदरातल्या स्फोटात काचांबरोबर चिंधड्या होऊन गेली," ती म्हणाली. "कधीच."

पण पेला बशीवर ठेवताना तो बशीवर वाजत राहिला.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी पाऊस कोसळत असताना लयालच्या दारावर थाप पडली. तिनं साखळी न काढता फटीतून पाहिलं. भिजलेली सिरवार्त, हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली लांब नळी.

"मी खोटं बोलले, पोरी. ती माझ्याकडेच आहे. काल सांत्वनाला निघण्याआधी कुणीतरी माझ्या कुलपाशी खटपट करून गेलं. शेजारीण ओरडली म्हणून पळालं."

"कोण होतं, तांत?" सिरवार्तला ती मावशीसारखं 'तांत' म्हणे, जसं वदीअला काकांसारखं 'अम्मो'.

"पाठ दिसली. पुरुषाची पाठ. पाठी सगळ्या सारख्याच." तिनं नळी लयालच्या हातात कोंबली. "तुझ्याकडे कुणी शोधणार नाही. तू लहान, तुझ्याकडे एवढं महाग काही नसतं."

"वा, थँक्यू."

सिरवार्त पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "वदीअ म्हणाला होता, रविवारी सगळ्यांना एक गंमत दाखवतो. त्या पोस्टराचीच. कसली गंमत ते सांगितलं नाही."

ती गेल्यावर लयालनं दोन्ही कड्या लावल्या, पोस्टर टेबलावर पसरलं आणि कोपऱ्यांवर पुस्तकं ठेवली. माणूस मारावा असं काय आहे यात? तिनं भिंग घेतलं. कोच. उघडं तोंड. छातीवर घसरलेला हात. शर्टाचा खिसा, त्यात सिगारेटचं पाकीट.

खिसा त्या माणसाच्या उजव्या छातीवर होता.

तिनं स्वतःच्या बाबांचे शर्ट आठवले, शाळेतल्या मास्तरांचे आठवले. पुरुषांच्या शर्टाचा खिसा डावीकडे असतो. चित्रकर्तीची लहर असेल. पण नजात सरूफ तर शिवणीचा टाकाही चुकवत नसे, असं वदीअ सांगायचा.

खालच्या जिन्यात पावलं वाजली. लयालनं दिवा मालवला आणि श्वास रोखून बसली. पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली. वदीअच्या दारापाशी. मग परत उतरली.

४

गाझीचं दुकान गाठलं तेव्हा तो नवं कुलूप लावत होता. लयालनं आडवळण घेतलं नाही.

"वदीअ अम्मो गेले त्या दुपारी तू त्यांच्याकडे गेला होतास. अबू सुहैलनं पाहिलं."

"गेलो होतो. भांडलोही. ये, बस." त्यानं तिच्यासाठी खुर्चीवरची घड्याळं उचलली. "तू मला खुनी समजतेस आणि माझ्याच दुकानात एकटी येतेस. हे विज्ञान शिकवतात का तुम्हाला?"

"दार उघडं आहे. आणि समोरचा भाजीवाला आपल्याकडेच बघतोय."

"तो मी तुला फुकट काही देतो का ते बघतोय." गाझीनं मोबाइल पुढे केला. "हे बघ. 'दुपारची झोप'चं मूळ चित्र सापडलंय. प्रदर्शनानंतर परदेशी पाठवताना हरवलं होतं ना, तेच. कुण्या खाजगी माणसाकडे निघालं, आणि बाहेरचं एक मोठं संग्रहालय ते विकत घेतंय. मालकाचं नाव गुप्त. मी वदीअला म्हटलं, आता पोस्टराचा भाव दसपट होईल, तुझी प्रत मला दे. तर तो हसायला लागला. म्हणे, गाझी, भाव नाही, गंमत होणार आहे. मी चिडून निघालो."

"कॉफी घेतलीस?"

"देतो कुठला. म्हणाला यंत्र बंद करायला लागेल, तू काही तेवढा प्रिय नाहीस."

लयाल मोबाइलवरचं चित्र मोठं करत होती. कोच, उघडं तोंड, घसरलेला हात. खिसा उजवीकडे, पोस्टरावर होता तसाच. मग लहर चित्रकर्तीचीच म्हणायची. तिला उगाच हायसं वाटलं.

परतताना तिनं टॅक्सीतून डॉक्टर मुनीफला फोन लावला. शरीराची रचना कळणारा तो एकच माणूस तिच्या ओळखीत होता. झोपलेला डावखुरा असेल का, तेवढंच तिला विचारायचं होतं.

"हकीम, एक वेडगळ प्रश्न. त्या झोपलेल्याचा खिसा उजवीकडे का असावा? आणि पाकिटाचा कोपरासुद्धा झिजलेला काढलाय बाईनं. भिंगाखाली इतकं स्वच्छ दिसतं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"भिंगाखाली," मुनीफ मऊ आवाजात म्हणाला. "म्हणजे एक प्रत उरली आहे तर."

लयालनं फोन बंद केला.

५

तिनं टॅक्सी बुर्ज हम्मूदला वळवायला सांगितली. सिरवार्तच्या स्वयंपाकघरात एकच दिवा जळत होता, आणि फ्रीजचं दार उघडण्याआधी म्हातारीनं तोही मालवला.

"अडीच अँपियर," ती म्हणाली. "कुणाला तरी एकालाच जगता येतं."

"तांत, त्या पोस्टराच्या चारच प्रती का उरल्या?"

"गोदामात पाणी शिरलं. सगळ्यांना माहीत आहे."

"मला खरं सांगा. वदीअ अम्मो त्या कागदापायी गेले. आणि आता माझ्याकडे एक कागद आहे हे एका माणसाला कळलंय."

सिरवार्त ओट्याची कड चोळू लागली.

"पाणी वगैरे काही नव्हतं," ती शेवटी म्हणाली. "पोस्टर माझ्या भावानं छापलं. युद्धात त्याचा एक डोळा गेला होता, आणि त्याला काम मिळावं म्हणून मीच शब्द टाकला होता. त्यानं छपाईची फिल्म पालथी ठेवली. सगळं चित्र आरशात दिसावं तसं छापलं गेलं. डावं ते उजवं. खालची अक्षरं वेगळ्या फिल्मवर, ती सरळ. आणि सही त्या पट्टीखाली झाकलेली, म्हणून कुणाला कळलं नाही. नजातनं पाहिलं आणि ती थरथरली. संध्याकाळी सगळा गठ्ठा लगदा करायला गेला. भावाची लाज राखायला वदीअनं आणि मी पाण्याची गोष्ट रचली. त्यानं एक प्रत ठेवली, मी एक. दोन कशा बाहेर पडल्या देव जाणे."

"प्रदर्शनात मूळ चित्र पाहिलेले लोक?"

"तीस वर्षं झाली. नजात गेली. कॅटलॉग छापायला पैसे नव्हते, आणि कचेरीतले फोटो स्फोटात गेले. तो माणूस कुठल्या कुशीवर झोपला होता हे कुणाच्या लक्षात राहणार?"

लयाल उभी राहिली, परत बसली.

पोस्टर उलटं आहे. मग मूळ चित्र त्याच्याशी जुळता कामा नये. आणि मोबाइलवरचं 'सापडलेलं' चित्र खिशासकट तंतोतंत जुळत होतं. ते मूळ नव्हतंच. कुणीतरी पोस्टर समोर ठेवून ते रंगवून घेतलं होतं, पोस्टर खरं बोलतं या भरवशावर. ही चूक पोस्टरवेड्याखेरीज कुणी केली नसती. आणि पोस्टरं नष्ट झाली की, पोस्टर उलटं छापलं होतं असं कुणी म्हटलं तरी, चित्राशी ताडून पाहायला काहीच उरणार नव्हतं.

"तांत, समजा तुम्ही वदीअ अम्मोंकडे गेलात. ते शिडीवर आहेत, म्हणाले कॉफी ठेव. आधी काय कराल?"

"ते आतलं यंत्र बंद करीन. नाहीतर शेगडी लावल्याबरोबर लाईन पडेल. त्याला ज्योत चालत नाही कागदांमुळे, आणि लाईन तर पाच अँपियरचीच." सिरवार्तनं भुवया उंचावल्या. "हे कुणाला सांगावं लागतं का?"

"एकाला," लयाल म्हणाली.

वदीअनं स्वतः कॉफी ठेवली असती तर यंत्र बंद असतं. गाझीचं दुकानही पाच अँपियरवर; त्याचाही हात आपोआप यंत्राकडे गेला असता. दोन्ही बटणं चालू ठेवणारा माणूस अशा घरातून आला होता जिथं वीज मोजावी लागत नाही. समुद्राकाठच्या टॉवरला स्वतःचे जनरेटर होते, दिवसरात्र.

फोन थरथरला. 'लयाल, तुझ्या घराजवळच आहे. येतो. एकदा पोस्टर पाहू दे. मु.' लयालनं उत्तर धाडलं, 'बाहेर आहे. तासाभरानं या.'

६

ती परतली तेव्हा इमारतीच्या दारात अबू सुहैल खुर्ची टाकून बसला होता. लयालनं त्याला अगदी थोडक्यात सांगितलं. त्यानं एकही टोमणा मारला नाही, आणि त्यामुळेच तिला जास्त भीती वाटली.

"दार लावून बस. मी पोलिसांना बोलावतो."

"काय सांगाल त्यांना? शर्टाचा खिसा? आज नाही आला तर उद्या येईल, आणि उद्या तुम्ही इथं नसाल." तिनं पेटीतल्या तिच्या ब्रेकरवर बोट ठेवलं. "हा पडला की वर या. गाझीला मी बोलावलंय, त्याला घेऊन. किल्ली ही घ्या."

"आणि नाही पडला तर?"

"आजवर कधी मी पाडला नाही असं झालंय?"

तिनं घरी येऊन पोस्टर टेबलावर पसरलं. वदीअच्या भावानं त्याची शेगडी तिला आठवण म्हणून दिली होती. ती ओट्यावर मांडली, कॉफीचं भांडं शेजारी ठेवलं. मग खोलीतला हीटर पूर्ण लावला. हीटर एकटा चालतो. शेगडी एकटी चालते. दोन्ही मिळून पाच अँपियरच्या बरंच पलीकडे जातात, हा हिशोब तिनं दोनदा मनात केला.

मुनीफ आला. कोटाच्या खांद्यांवर पाऊस. त्यानं दार आतून लोटलं, आणि कडी हलकेच, सौजन्यानं लावली. ती कडी आपण लक्षात घेतली नव्हती हे लयालच्या ध्यानात आलं; नुसत्या किल्लीनं आता बाहेरून दार उघडणार नव्हतं.

"एकटीच?"

"एकटीच. बसा, हकीम. पोस्टर टेबलावर आहे."

तो बसला नाही. पोस्टरावर झुकला, खिशाशी बोट नेलं, पण टेकवलं नाही.

"तू हुशार आहेस. वदीअला तुझं कौतुक होतं. खिशाबद्दल आणखी कुणाला विचारलंस?"

"अजून नाही. माझे हात गारठलेत. तेवढी कॉफी ठेवाल का? भांडं तयार आहे, गॅस संपलाय, ती शेगडी घ्या. तोवर मी पोस्टर गुंडाळते, तुम्हाला न्यायचं असेल ना."

मुनीफनं तिच्याकडे निरखून पाहिलं. 'न्यायचं असेल ना' या शब्दांनी त्याचे खांदे सैलावले. तो ओट्याकडे गेला. हीटर त्याच्या पायाशी लालबुंद जळत होता. तो वळसा घालून त्याच्या शेजारून गेला. भांड्यात पूड टाकली, आणि शेगडीचं बटण फिरवलं.

खट्.

अंधारात हीटरच्या तारा क्षणभर लाल राहिल्या, मग काळ्या पडल्या. लयालला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आणि त्याचाही.

"त्याच्याकडेही असंच झालं," मुनीफ म्हणाला. अगदी सहज, जणू स्वतःशीच.

मग त्याला स्वतःचे शब्द ऐकू आले असावेत. ओट्यापाशी काहीतरी सांडलं. पावलं तिच्या दिशेनं निघाली, टेबलाच्या कडेनं, चाचपडत.

"मी ढकलायला गेलो नव्हतो," तो आवाज जवळ येत म्हणाला. "तो शिडीवरून हसत सांगत होता, पोस्टर उलटं आहे, सापडलेलं चित्र खोटं आहे, रविवारी सगळ्यांना दाखवतो. त्याला ठाऊकही नव्हतं की चित्र माझं आहे. आणि अंधार झाला. नेमका तेव्हाच अंधार झाला, लयाल. शिडी हाताशी होती."

लयाल पोस्टर छातीशी धरून भिंतीला घासत मागे सरकली. बोटांना कडी लागली. गंजलेली कडी. ती हलेना. कोटाची ओली बाही तिच्या मनगटाला लागली, आणि त्याच क्षणी दाराबाहेरून तो आवाज आला, जो ऐकून ती वर्षानुवर्षं वैतागत आली होती.

"परत पाडलीस ना लाईन? किती वेळा सांगायचं, दोन्ही एकदम लावू नकोस म्हणून."

पावलं एकट्याची नव्हती. बाही मागे झाली. लयालनं दोन्ही हातांनी कडी खेचली, आणि दारातून टॉर्चचा झोत, गाझीचं पोट आणि अबू सुहैलच्या हातातला पाना असे सगळे एकदम आत आले. मुनीफ भिंतीशी उभा होता. कोट चुरगळला होता, आणि चेहऱ्यावर दवाखान्यातल्या खुर्चीत बसलेल्या रोग्याची भीती होती.

"दारामागून शिडीचं ऐकलं," गाझी म्हणाला. "हकीम, आता खाली बसा."

७

परदेशी संग्रहालयाला पोस्टराची बातमी कळली आणि चित्राचा व्यवहार थांबला. मुनीफच्या टॉवरमधल्या घरात बाकी तीन प्रती सापडल्या, त्याची स्वतःचीसुद्धा. नष्ट करायच्या म्हणून आणल्या होत्या, पण एकही त्याला फाडता आली नव्हती.

पुढच्या रविवारी गाझी आणि सिरवार्त लयालकडे जमले. सिरवार्तनं पोस्टर उचललं आणि कपाटाच्या आरशासमोर धरलं. तिच्या भावाची चूक आरशात सरळ झाली. नजात सरूफनं पाहिला होता तसा तो माणूस आता झोपला होता, दुसऱ्या कुशीवर, सिगारेटचं पाकीट डाव्या खिशात, हृदयावर.

"वदीअला हेच दाखवायचं होतं," ती म्हणाली.

गाझीनं नाक शिंकरलं. "ठीक. आता कुणीतरी कॉफी ठेवा."

लयाल ओट्याशी गेली. शेगडीच्या बटणावर हात ठेवला, आणि तो तिथंच राहिला. हीटर बंद होता, ती आत्ताच बंद करून आली होती. तरी तिनं मागं वळून पाहिलं. मग कडीकडे पाहिलं. मग परत हीटरकडे.

"तांत," ती म्हणाली, "माझ्याजवळ येऊन उभ्या राहता का जरा?"

सिरवार्त आली, तिच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली, आणि लयालनं बटण फिरवलं. दिवा जळत राहिला.